नळीच्या टोकाची फट

प्रिय भाचीबाई,

दोन वर्षांनी मामाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हटल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून कोणी गेलं-बिलं का ते बघशील. तसं काही नाही. सगळे ठणठणीत आहेत. मामीचा गुडघा कुरकुरतो आणि त्यालाही मीच जबाबदार आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरचं घर मी पसंत केलं होतं. ताई, म्हणजे तुझी आई, फोनवर माझ्याशी तब्येत आणि हवामान एवढंच बोलते. मध्ये एकदाच तिच्या तोंडून निघून गेलं की तू आता शाळेत विज्ञान शिकवतेस, मुलं तुझ्यावर खूश आहेत, पण घरातला प्रत्येक पेला तीन-तीनदा धुतेस. तिने लगेच विषय बदलला. मला मात्र ते पेले काही केल्या डोक्यातून जाईनात.

आता आपल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेची बातमी. औषधातले घटक वेगळे करून दाखवणारं ते खिडकीजवळचं एचपीएलसी यंत्र, त्यासाठी आपण दुसऱ्या कंपनीचा कॉलम, ती घटक वेगळे करणारी पोलादी नळकांडी, आणला होता, आठवतो? तू सोडून गेलीस त्याच आठवड्यात मी तो काढला, धुतला, मिथेनॉल भरून दोन्ही टोकांना बुचं लावली आणि खणात ठेवून दिला. त्याच्या जागी जुना परत बसवला. गेल्या सोमवारी त्या जुन्याने मान टाकली. कोणीतरी आतलं क्षारांचं द्रावण पाण्याने धुऊन न काढता थेट मिथेनॉल सोडलं, क्षार आतच गोठले आणि दाब एवढा चढला की पंप आपणहून बंद पडला. तो गुन्हेगार मी नव्हतो, ही त्या दिवसातली माझी शेवटची समाधानाची गोष्ट.

मग खणातला कॉलम बाहेर काढला. तू मला ‘पानेमास्तर’ म्हणायचीस त्याला जागून सगळं साग्रसंगीत केलं. कॉलमवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने, नट आधी बोटांनी, मग पान्याने पाव वळसा. बाहेरचं टोक डिटेक्टरला न जोडता आधी चंचुपात्रात थेंब पडू दिले. प्रवाह हळूहळू वाढवला आणि दाब स्थिर होईपर्यंत चहालासुद्धा उठलो नाही. नंतर शुद्ध औषधाचं प्रमाण द्रावण सोडलं, मी स्वतः केलेलं, मी स्वतः धुतलेल्या काचपात्रातलं. पडद्यावरच्या आलेखात औषधाचं शिखर उभं राहिलं आणि, एकच हवं असताना, त्याच्या खांद्यावर दुसरं, बुटकं शिखर. तुझ्या वेळी होतं अगदी तसंच.

तेव्हा काय झालं ते तुला मी काय सांगणार, तरी एकदा माझ्या हाताने लिहू दे. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची अख्खी बॅच त्या बुटक्या शिखरापायी अडकली. प्रमाण द्रावण आणि नमुना, दोन्हींत ते दिसत होतं आणि दोन्ही द्रावणं तुझ्या हातची होती. काचपात्रं नीट धुतली नाहीत, असा निष्कर्ष निघाला. बॅच नष्ट झाली, तुझ्या फाइलीत लेखी ठपका लागला आणि पंधरा दिवसांत तू राजीनामा दिलास. नंतर मी जुना कॉलम लावून नवी द्रावणं करून बघितली तर शिखर एकच आलं. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. कॉलमही बदलला होता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. मीही नाही, किंवा घ्यायचं नव्हतं.

सोमवारी मात्र दोष द्यायला समोर कोणी नव्हतं. नट सोडवला, कॉलममध्ये शिरणारी नळी बाहेर काढली आणि पट्टी घेऊन बसलो. ती दाण्याएवढी पोलादी कडी, फेरूल, जुन्या कॉलमच्या मापाने नळीला कायमची चावून बसलेली. तिच्यापुढे नळी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि या कॉलमचं भोक त्याहून खोल. नळी तळाला टेकतच नव्हती. औषध त्या फटीत घुटमळायचं, थोडं पुढे जायचं, थोडं मागून यायचं, आणि आपण त्याला मळ म्हणत होतो. दुसरी नळी घेतली, तिच्यावर नवी कडी चढवली, नळी तळाशी दाबून धरून नट आवळला. तेच द्रावण, तेच काचपात्र, आणि शिखर एकच, सरळसोट. खात्रीसाठी जुनी कडी असलेली नळी पुन्हा लावून बघितली. बुटकं शिखर परत हजर. तीनदा असं केलं. जीव भांड्यात पडला, आणि मग इतकी लाज वाटली की पाना हातात धरून तसाच बसून राहिलो.

मंगळवारी सकाळी सगळे आलेख घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून, चष्मा काढून, दोनदा बघितले. कॉलमच्या नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीच्या त्या तारखेसमोर ‘जोडणी सदोष’ असं मी लिहिलं आणि खाली माझी सही केली. तुझ्या फाइलीतला ठपका रद्द झालाय. त्याचं सहीशिक्क्याचं पत्र सोबत आहे, आणि पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटपट्टीखाली, नळीच्या कापलेल्या टोकासकट, ती कडीही आहे. कित्येक महिन्यांनी मी काल दुपारी जेवल्यावर गाढ झोपलो. मामीने दोनदा श्वास चालू आहे का ते बघितलं म्हणे.

पण हे सगळं बाई पत्रात कळवणारच होत्या. मी लिहितोय ते वेगळ्यासाठी. तो कॉलम मी बसवत होतो तेव्हा तू शेजारी उभी होतीस. कामावर मला ‘सर’ म्हणायचं हा आपला करार विसरून तू सगळ्यांदेखत म्हणालीस, मामा, नळी तळापर्यंत टेकली का बघता का एकदा. मी तुला सर्वांसमोर झिडकारलं. पुढे चौकशीत बाईंनी मला विचारलं, जोडणीबद्दल कोणी शंका काढली होती का. मी नाही म्हणालो. तू समोरच बसली होतीस. मामाला खोटं पाडायला नको म्हणून गप्प बसलीस, आणि पुढे हळूहळू तुझ्याच हातांवर संशय घ्यायला लागलीस. मंगळवारी बाईंना मी हेही सांगितलं. आज ताईला फोन करून सांगितलं. आता तुला सांगतोय. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी घाई करणार नाही. फक्त तुझे हात तेव्हाही स्वच्छ होते, एवढं पक्कं धर. पेला एकदाच धूत जा.

तुझाच, तेव्हा ज्याने तुझं ऐकायला हवं होतं तो,
मामा