कानाला हात

मिरज, १० फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या विनयाने तुझ्या बँडचं रेकॉर्डिंग फोनवर ऐकवलं. नुसती आरडाओरड. यासाठी तुला लहानपणापासून समोर बसवलं का? चंडीगडला शिकायला गेलीस, गळा फाडायला नाही. मार्चमधला कार्यक्रम करायचा तर कर, पण त्या स्टेजवर कानाला हात लावून गुरू म्हणून माझं नाव घ्यायचं नाही.

थंडीत कान झाकत जा.

आत्या

खरड (चंडीगडजवळ), १८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

पत्र वाचून वाईट वाटलं. तरी लिहिते, नऊ मार्चला मी गाणार आणि तुझं नाव घेणार. गळा तू घडवलास. दुसऱ्या कुणाचं नाव सांगू?

आरडाओरड मात्र मान्य नाही. भूप आणि देशकार, दोन्ही रागांचे सूर तेच पाच. वेगळे ओळखता येईपर्यंत तू मला एकही गाऊ दिला नाहीस. मग आमच्या मेटल रॉकमधले प्रकार ओळखण्याआधीच घाई का? डेथ मेटलमध्ये आवाज खाली गुरगुरतो, गिटार जड आणि तुटक. ब्लॅक मेटलमध्ये आवाज वर किंचाळतो, गिटार अखंड थरथरते, धुक्यातून आल्यासारखी. प्रोग्रेसिव्हमध्ये लय चालता चालता बदलते. आमचं प्रोग्रेसिव्ह डेथ. गळा फाटत नाही. पहाटे खर्जाचा रियाज अजून करते, रूममेट वैतागते.

विनयाकडे तीन तुकडे पाठवलेत, नावं न घालता. ओळखून दाखव. नाहीतर 'आरडाओरड' हा शब्द मागे घे. आमचा ड्रमर गुरजोत म्हणतो, आंटीजी पक्का ओळखणार. खात्री मलाच नाही.

राग असला तरी लिहीत राहा.

तुझी वल्लरी

मिरज, २७ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

पहिला ब्लॅक, दुसरा डेथ, तिसरा तुमचा. आवडला एकही नाही. तुम्ही सात मात्रांवरून चारावर येता ते ठीक, पण शेवटी गुरजोतची सम चुकते आणि तू त्याच्यामागे धावतेस. लय बदलणं वेगळं, लय सुटणं वेगळं. एवढा फरक तुला कळू नये? ते जमेपर्यंत माझं नाव घ्यायचं नाही. नऊ तारखेला अजून वेळ आहे.

त्याला सांग, आंटीजी नाही, आत्या.

विनया म्हणते, स्टेजवर तू केस मोकळे सोडतेस. कानाला हात लावताना ते मागे घे. हात दिसला पाहिजे.

आत्या