घंटाघरातला बोकड

२२ सप्टेंबर १९५१, शनिवार

डॅग्नी मरी हॉल्वर्सन, आपण हरलो. चाळीस विरुद्ध शून्य. घंटाघराच्या चाव्या खिशातच राहिल्या.

तुझ्या जागेवर बसलो. १९३८ साली तू विणलेला हिरवा स्वेटर घातला होता. डावी बाही अजूनही मनगटाच्या चार बोटे वर थांबते. लोकर कमी पडली, असे तू तेव्हा म्हणाली होतीस. या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू पायाने क्वचितच मारला जातो, हे मी शेजाऱ्यांच्या निदर्शनास आणून दिले. ते जागा बदलून बसले.

जिंकल्यावर दर गुणाला घंटेचा एक टोला, हा महाविद्यालयाचा रिवाज. वीस वर्षे ते टोले तू दिलेस. ‘या हंगामात माझ्या वतीने एकदा तरी दे,’ असे ऑगस्टमध्ये, जाण्याच्या आदल्या दिवशी, इस्पितळात म्हणालीस, आणि मी हो म्हटले. आपला संघ पाहता हे वचन अविचाराचे होते.

६ ऑक्टोबर

हरलो.

२७ ऑक्टोबर

हरलो. विश्वस्तांनी जाहीर केले आहे — या हंगामात एकही विजय मिळाला नाही, तर संघ बरखास्त.

तुझ्या थर्मासचे झाकण मला उघडता आले नाही. मागच्या रांगेतल्या एका मुलीने उघडून दिले.

१० नोव्हेंबर

हरलो, पण तीनच गुणांनी! आता उरला एक सामना — वेस्टफील्ड महाविद्यालयाशी.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आपल्या संघाच्या आघाडीच्या फळीतला वेंडेल कुख्ता घरी आला. दाराच्या चौकटीत न मावणारा, माझ्या लॅटिनच्या तासाला शेवटच्या बाकावर निजणारा. त्याने व त्याच्या सोबत्यांनी वेस्टफील्डचा बोकड पळवला आहे! तो मैदानात मिरवल्याशिवाय वेस्टफील्डवाल्यांना खेळ सुचत नाही, असा त्यांचा दृढ समज. शनिवारपर्यंत त्याला घंटाघरात ठेवण्याची परवानगी हवी होती.

मी नियमावलीचे कलम सांगू लागलो. कुख्ताने शांतपणे ऐकून घेतले.

“सर, तुमच्यावर कुणालाच संशय येणार नाही. तुम्ही म्हणजे... तुम्ही आहात.”

हा गौरव की अपमान, हे ठरवीत असतानाच मी चाव्या त्याच्या हाती दिल्या. तासाभरात परत आल्या. त्यांना बोकडाचा वास येत होता.

१५ नोव्हेंबर

डीन ऑस्गुड आले. १९३८ सालीही वेस्टफील्डचा बोकड असाच नाहीसा झाला होता. चौकशी समितीचा अध्यक्ष मी. एकशे बारा साक्षी झाल्या, चोर सापडला नाही. ती आठवण त्यांनी मुद्दाम काढली.

“हॉल्वर्सन, या खेपेला तरी काही दिसलं का?”

“मी अद्याप कोणताही बोकड पाहिलेला नाही.”

हे अक्षरशः खरे होते. घंटाघराकडे न फिरकण्याची दक्षता मी घेतली होती.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सात विरुद्ध सहा! बरोबरी साधू पाहणारा वेस्टफील्डचा अखेरचा फटका — चक्क पायाने मारलेला — कुख्ताने छातीवर अडवला.

मी धावलो, डॅग्नी. लोकांनी वाट दिली.

घंटेचा दोर बोकडाने, तोंड पोचेल तिथवर, खाऊन टाकला होता. शिडीने वर चढलो. घंटेचा लोलक दोन्ही हातांनी धरून सात वेळा आपटला. मग आणखी एकदा.

उतरलो तेव्हा खाली डीन उभे होते. त्यांची हॅट बोकडाच्या तोंडात होती.

“गुण सात होते,” ते म्हणाले. “सोमवारी चाव्या माझ्या टेबलावर हव्यात.”

१९ नोव्हेंबर, सोमवार

घंटाघर झाडताना तुळईमागे विणलेले एक अंगडे सापडले. चार पायांसाठी चार भोके. पाठीवर टाके घालून काढलेले ‘१९३८’. लोकर हिरवी. माझ्या डाव्या बाहीची.

एकशे बारा साक्षी, आणि घरात विचारायचे मला सुचले नाही!

अंगडे कोटाच्या आत दडवले. दाराला कुलूप लावले. चाव्या परत केल्या.