लाल फिल्टर, शीवचा किल्ला

प्रभादेवी,
९ नोव्हेंबर

प्रिय नेरिसा,

तू, गॅविन आणि मुलं मजेत असाल. आमच्याकडे दिवाळी झाली, श्रेयाच्या चकल्या यंदाही मऊ पडल्या. टोरांटोहून तू पाठवलेले ब्लॅक अँड व्हाइटचे रोल मिळाले. फिल्म कशी निघाली म्हणून तू दोनदा विचारलंस. उशीर झाला, रागावू नकोस.

फिल्म चांगली आहे. शीवच्या किल्ल्यावरून पूर्वेकडची मिठागरं मी टिपली. फोटोचा दाणा बारीक, पाण्याचा रुपेरी पट्टा सुरेख आलाय, फक्त सावल्या फार काळ्या पडतात. लाल फिल्टर लावला की निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. हे सगळं नॉर्मन अंकलनीच शिकवलं. लँडस्केप काढायची कल्पनाही त्यांचीच.

त्यांची मुलगी असून तुलाही नवल वाटलं असेल. गिरगावातल्या स्टुडिओत आयुष्यभर नवरा-नवरीचे चेहरे काढणारा माणूस. "माणूस नसलेला फोटो म्हणजे रिकामं ताट," असं म्हणायचे ना? पण तुझं पार्सल आलं तसे मागे लागले. "विनीत, चल डोंगरावर. चेहरे पुष्कळ झाले."

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी गेलो. पायऱ्या चढताना माझा खांदा धरला होता. वयामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं. वर पोचल्यावर म्हणाले, "उजेड किती?" मी मीटर वाचून सांगितला. त्यांनी लेन्सची रिंग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवली. "लांबचं काढायचं तर फोकसची कटकट नाही."

मग ते बराच वेळ एकटेच काढत होते. मी माझ्या मिठागरांत गुंतलो होतो.

नेरिसा, हे मला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहितोय. अंकल पडले. तटाची भिंत जिथे ढासळली आहे तिथून. ते मागे सरकताहेत हे दिसलं तेव्हा मी ओरडलो, पण उशीर झाला होता. खाली दगडांत पडले होते. मी पोचलो तर मला विचारतात, "पायरी कुठे गेली रे?"

तिथे पायरी नव्हतीच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, रॉड टाकलाय, आता धोका नाही. वॉकर घेऊन चार पावलं टाकतात. तुला ते "पाय मुरगळलाय" म्हणाले, ते खोटं. आणि व्हिडिओ कॉल लावलास की "नेट नाही" म्हणतात, तेही. नेट चांगलं आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोळ्यांवर टॉर्च मारला, डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतलं आणि मला बाहेर बोलावलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली आहे. उजव्यात मधला थोडा भाग उरलाय, किल्लीच्या भोकातून बघावं तसा. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाने टिकली तर टिकली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माझी मॉड गेली त्या वर्षापासून. स्टुडिओ उगाच नाही बंद केला. नवरीचं नाक दिसायचं तर डोळे गायब. डोंगराचं बरं असतं रे, तो कुठे हलत नाही."

"नेरिसाला का नाही सांगितलंत?"

"ती मला तिकडे नेईल. इथे मी भिंतीला हात लावून सगळीकडे जातो. तिथे कुठली भिंत कुठे, मला काय ठाऊक?" मग माझा हात घट्ट धरला. "तू सांगणार नाहीस."

नाही सांगणार, असा शब्द मी दिला होता, नेरिसा.

काल रोल धुऊन आला. अंकल म्हणाले, "माझे दाखव." उजव्या डोळ्याला चिकटवून एकेक प्रिंट बघत राहिले. शेवटी विचारलं, "ढग आलेत?"

खोटं बोलणार होतो. पण त्या माणसाशी फोटोबद्दल खोटं बोलवेना. "नाही अंकल. भिंत आलीये. सगळ्यांत भिंतच."

"शार्प तरी आहे?"

"नाही."

प्रिंट उशीखाली सारल्या. मग स्टुडिओत नवरीची धरायचे तशी माझी हनुवटी धरली, माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि चेहरा तुकड्या-तुकड्याने शोधत राहिले. "हं, हा डोळा. ही मिशी. पिकलास की रे." मी हललो नाही. जरा वेळाने म्हणाले, "नेरिसा आता कशी दिसते? खरं सांग. आईसारखी झाली का?"

तुला मीही सहा वर्षांत पाहिलेलं नाही.

त्यांना न्यायचं की इथेच ठेवायचं, ते तुम्ही दोघं बोला, भांडा. मी मध्ये पडणार नाही. पण आधी ये. ख्रिसमसची वाट बघू नकोस. आलीस की दिवसाउजेडी त्यांच्या उजव्या बाजूला खिडकीजवळ बस, अगदी जवळ, आणि त्यांचं बघून होईस्तोवर हलू नकोस.

शब्द मोडलेला,
विनीत