दवाखान्याच्या भिंतीवरचं माझं तोंड

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा पाट्या आणि भिंती रंगवणं, एका जागी टिकत नाही म्हणून घरी मला भिंगरी म्हणतात, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही आणि मी प्यायलेलो नाही. मला एचआयव्ही आहे. गोळ्या रोज घेतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, अशाच घेत राहिलास तर म्हातारा होशील. पण माझं काम उंच परांचीवर, आणि परांचीला गोळ्यांचं काय सांगणार? म्हणून हे मृत्युपत्र.

१. बँकेत जे असेल ते आईचं. "मी सांभाळून ठेवतो," असं दादाने म्हणू नये.

२. ब्रश, दोऱ्या आणि शिडी माझ्या खोलीतल्या जोडीदाराला. तो सगळं माहीत असून माझ्याच ताटात जेवतो. अट एवढीच, की ब्रश न धुता झोपायचं नाही.

३. घरातला माझा हिस्सा ताईला. मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा दादाने माझी गादी अंगणात नेऊन जाळली. ते मी विसरलेलो नाही. त्याला माझी निळी चादर द्यावी. वापरलेली आहे. काही होत नाही.

४. दवाखान्याची भिंत माझी नाही, पण तिच्यावरचं चित्र माझं आहे. आधी तिथे, मी ज्यांच्याकडे रंगकाम करतो त्या मालकांनी कवटी काढली होती, खाली "एड्स म्हणजे मरण". लोक मान खाली घालून पुढे जायचे, तपासणीला कुणी आत वळायचं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ती पुसायला लावली. मी तिथे एक लांब बाक काढला, त्यावर शेजारीशेजारी बसून डबा खाणारी माणसं: नर्स, ड्रायव्हर, पोटुशी बाई आणि एक पेंटर. पेंटर म्हणजे मी. दादाचा फोन आला, "काय रंगवायचं ते रंगव, पण तुझं थोबाड नको. ताईचं लग्न व्हायचंय." म्हणून तोंड कोरं ठेवलं. तर लोक त्याच्याकडेच बोट दाखवू लागले, "हा गेलेला दिसतोय." काल एक बाई दारापर्यंत आली, त्या कोऱ्या तोंडाकडे बघत राहिली आणि परत गेली.

५. तरी माझ्यामागे मालकांनी तिथे माझा चेहरा काढावा. दादाने हरकत घेतल्यास ताईचा शब्द शेवटचा.

पाचवं कलम मी स्वतः रेघ मारून रद्द केलं आहे. कारण सही करण्याआधी हे ताईला फोनवर वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "मेल्यावर कशाला रे? तुझ्या मालकांना नाक जमत नाही असं तूच सांगतोस. आत्ता काढ."

"आणि तुझं लग्न?"

ती म्हणाली, "बघायला येईल त्याला आधी तुझ्याबद्दल सांगीन. त्यानंतरही बसून राहिला, तर पुढचं बोलू."

चेहरा आज काढला. खाली लिहिलं: "मला एचआयव्ही आहे. ही भिंत मीच रंगवली. आत या."

बाकीची कलमं कायम.

सही: भिंगरी, पेंटर
साक्षीदार: खोलीतला जोडीदार
साक्षीदार: मालक (रेघेवरही सही केली आहे)
ठिकाण: दवाखान्याची भिंत, रंग ओला असताना
दिनांक: ६ ऑक्टोबर