काळवंडलेल्या पेशी

प्रिय, आणि हल्ली सगळ्यांचाच प्रिय झालेल्या,

तुझी सेक्रेटरी मला आता आवाजावरून ओळखते. माझा फोन आला की आधी एक उसासा टाकते आणि मग म्हणते, "सर मुलाखत देतायत." एकदा मी विचारलंच, अगं, हा माणूस अधूनमधून जेवतो तरी का? ती गंभीरपणे म्हणाली, "जेवतानाची मुलाखत मंगळवारी आहे." म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू वाचशील. स्वतःबद्दलचं काहीही न वाचता टाकून देणं तुला जमलेलं नाही कधी.

तुझ्या सत्काराला मी आले होते. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. व्यासपीठावर तुझा माणसाएवढा फोटो होता, सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेला. त्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद होता हे सभागृहात आणखी कुणाच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे. अंधारात काहीतरी भव्य दिसल्यासारखा चेहरा मात्र तू छान केला होतास. मग तुमचे संचालक उठले. त्यांनी तुझा पेपर वाचलेला नाही हे त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळलं, कारण ते म्हणाले की तो वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेंदूतली आग विझवणारा माणूस" असं त्यांनी तुला म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काठी मांडीवर आडवी धरून बसलेली तुझी ताई खरोखरच रडत होती. तिला विसरू नकोस. हे पत्र तिच्यासाठीच आहे, तुझी कानउघाडणी हा वरचा नफा.

ताईचं दुखणं तुला मी काय सांगायचं? शरीराची स्वतःचीच फौज मज्जातंतूंवर चालून जाते, दाह होतो, आणि प्रत्येक हल्ल्यात हातापायातलं काहीतरी कायमचं जातं. नेहमीच्या गोळ्यांनी ती कितीतरी वर्षं जागच्या जागी थांबली. बरी झाली नाही, पण थांबली. आणि आता तू शोधलेल्या औषधाची माणसांवरची चाचणी सुरू होणार, त्या चाचणीत ताई नाव घालणार, आणि त्यासाठी जुन्या गोळ्या बंद कराव्या लागणार. मी म्हटलं, ताई, जरा दमानं. तर म्हणते, "अगं, त्याने उंदरांना बरं केलंय. मी काय उंदरापेक्षा गेलेय?"

त्या उंदरांकडेच वळू या. तुझ्या पेपरातलं ते गाजलेलं चित्र मी वर्गात घेऊन गेले. डावीकडे औषध न दिलेला उंदीर: चेतापेशी आक्रसलेल्या, काळवंडलेल्या, मुरडलेल्या. उजवीकडे औषध दिलेला: पेशी टपोऱ्या, गुबगुबीत, जणू सुट्टीवरून आलेल्या. डावीकडचं चित्र पडद्यावर दिसताच मागच्या बाकावरची एक मुलगी जांभई देत म्हणाली, "मॅडम, हे झालंय की मागच्या आठवड्यात." झालंच होतं. 'मेंदू कसा काढू नये' या तासाला मी दरवर्षी असंच चित्र दाखवते.

आपले म्हातारबुवा आठवतात का तुला? की मोठेपणी मार्गदर्शकही आठवायचे नसतात? ते घसा फोडून सांगायचे की मेंदू टिकवायचा द्रव शिरांतून सोडला म्हणजे मेंदू लगेच पक्का होत नाही. तो रात्रभर कवटीतच राहू द्या. ताजा मेंदू लोण्यासारखा असतो. तेव्हाच त्याला चिमटा लागला, अंगठा दाबला गेला, की खालच्या पेशी आक्रसतात आणि रंग दिल्यावर काळ्या दिसतात. जनावर मेलेलं असलं तरीही. तो रोग नसतो, हाताळणी असते. तू तेव्हाही उकळी यायच्या आत चहा गाळणारा. म्हातारबुवांची पाठ वळली की तुझी कात्री चालू. पेपरातही तू लिहून ठेवलं आहेस, 'मेंदू तत्काळ काढण्यात आले.' केवढ्या अभिमानाने लिहिलंस रे ते 'तत्काळ'!

तरीही मी तुला संशयाचा फायदा दिला. म्हटलं, घिसाडघाई केली असेल तर दोन्ही गटांत सारखीच केली असेल, फरक तरी खरा असेल. आणि मग तू भाषणाला उभा राहिलास. छातीवर हात ठेवून म्हणालास, "औषध न दिलेले सगळे उंदीर मी स्वतः हाताळले. औषध दिलेल्यांना मी बोटही लावलं नाही. पक्षपाताचा संशयसुद्धा नको!" टाळ्या थांबेनात. मी खांबाला टेकले.

चहाच्या वेळी तुझ्या विद्यार्थिनीला गाठलं. औषधाचा गट तिच्याकडे होता. विचारलं, मेंदू कधी काढायचीस? ती बिचारी घाबरून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी. मला भीती वाटायची, म्हणून रात्रभर तसेच ठेवायचे. चुकलं का?" नाही गं बाई, म्हटलं, त्या अख्ख्या प्रयोगशाळेत न चुकलेली तू एकटीच. पुढे मेंदूच्या कापांतल्या काळ्या पेशी मोजणाऱ्यांनी तर कमालच केली. कुठला काप कुठल्या उंदराचा हे कळू नये म्हणून त्यांनी नावं झाकली आणि तुझ्या अंगठ्याचे वळ डोळ्यांत तेल घालून मोजले. कुणीही खोटं बोललं नाही. इतक्या प्रामाणिकपणातून इतका मोठा गाढवपणा उभा राहिलेला मी तरी पाहिला नव्हता. तुझ्या औषधाने उंदरांना वाचवलं खरं, पण तुझ्यापासून.

पटत नसेल तर चित्र पुन्हा बघ, या वेळी दिवा लावून. खऱ्या जखमेभोवती सफाईच्या पेशी धावून येतात, गर्दी करतात. दाहावर पेपर लिहिणाऱ्याला हे मी सांगावं? तुझ्या काळ्या पेशींभोवती चिटपाखरू नाही. आणि त्या सगळ्या वरच्या थरात, एकाच बाजूला. रोग इतका शिस्तीचा असतो होय? रक्तातला दाह तुझ्या औषधाने थोडा उतरला आहे, ते आकडे मला खरे वाटतात. पण 'चेतापेशी वाचतात' हे तुला ठाऊक नाही. ते फक्त छापलं गेलं आहे. तुझा पेपर तपासणाऱ्या विद्वानांनी काय तपासलं? स्वल्पविराम?

हे सगळं मी जुन्या रागातून लिहिते आहे असं तू म्हणशीलच. असेल थोडा राग. ताईला 'वन्सं' म्हणायची वेळ तू येऊ दिली नाहीस, म्हणून मी तिला ताईच म्हणत राहिले. तू गेलास आणि ती मला राहिली. सौदा वाईट नव्हता. दर रविवारी मी तिच्याकडे जाते, ती मला तुझी कात्रणं दाखवते आणि मी तुझी टिंगल करते. ती हसते, आणि मग म्हणते, "पण हुशार आहे गं माझा बाळ्या."

या रविवारी दार उघडायला तिला फार वेळ लागला. उजवा पाय फरफटत होता. मी ओरडले तेव्हा कबूल केलं: गोळ्या तिने केव्हाच बंद केल्या आहेत. चाचणी सुरू व्हायच्या आत शरीर कोरं असलं तर बाळ्याचा निकाल चांगला येईल म्हणून, स्वतःच्या मनाने. तिच्या डॉक्टरांना माहीत नाही. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे. मी तिला पेशींचं सगळं समजावून सांगितलं, चित्रं काढून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याचं चुकलंय? मग त्याला सांगू नकोस गं इतक्यात. आत्ता कुठे चार लोक विचारायला लागलेत त्याला." गोळी मात्र घेतली नाही. माझ्या शब्दावर ती घेणार नाही, तुझ्या एका शब्दावर घेईल. पेपर मागे घे, नको घेऊस, मासिकाला काय कळवायचं ते कळव, त्यावर आपण पुढे कडाकडा भांडू. त्याआधी तिच्याकडे जा, डॉक्टरांना घेऊन जा, आणि तिच्यासमोर बसून म्हण की ताई, माझं चुकलं, गोळ्या सुरू कर. ती आधी तुझीच समजूत काढायला लागेल. काढू दे.

तुझी नाही, पण तुझ्या ताईचीच,
मी