अव्वाच्या वाक्यातली रिकामी जागा

जळकोट

प्रिय महेश्वरीअक्का,

सोलापूरच्या कॉन्व्हेंटातून आपण सुट्टीला घरी आलो होतो, आठवतं? मी प्रगतिपुस्तक नाचवत स्वयंपाकघरात शिरले, तर आपली अव्वा, आई कसली, हेडमास्तरच, भाकरी थापता थापता म्हणाली, "निकाल काय पळून जातो का? आधी हातपाय धू."

तुमचे गुडघे कसे आहेत? (माझ्या तब्येतीचं शेवटी लिहिते.)

तुमची लेक भुवनेश्वरी पुण्याहून चार दिवस राहायला आलीये. तिचं काम मला आत्ता कुठं कळलं. ढीगभर मजकूर मशीनला द्यायचा; लोक जी वाक्यं पुन्हा पुन्हा एकाच साच्यात ओततात, ती ते आपोआप हुडकतं. शब्द बदलतात, सांगाडा तोच. मला हसू आलं, तशी तिनं आपल्या घरच्या ग्रुपवरचे इतक्या वर्षांचे मेसेज त्याला घातले. पहिलाच साचा निघाला: "अमुक काय पळून जातं का? आधी तमुक." अक्का, अव्वानं उभ्या जन्मात मोबाईल पाहिला नाही, आणि यादीत सगळ्यात वर तीच! माझी सून शिवांजली भूमची, तिनं अव्वाचा नुसता फोटो पाहिलाय, तीही लिहिते, "माहेर काय पळून जातं का? आधी पापड वाळू देत."

त्या दुपारी, तेच वाक्य माझ्या तोंडून निघेल या धसक्यानं मी बोलायचंच नाही ठरवलं. बिराप्पा दूध घेऊन आला, तर मी तोंडाला पदर लावून दारात उभी. तो म्हणतो, "तोंड काय पळून जातंय व्हय, मावशी? आधी पातेलं आणा." मान अगदी अव्वासारखी तिरकी. (दूध निम्मं पायरीवर सांडलं, मांजराची चैन झाली.)

मग भुवनेश्वरी म्हणाली, मशीन रिकामी जागा स्वतःही भरतं. तिनं बटण दाबलं. जरा थांबून अक्षरं उमटली: "मरण काय पळून जातं का? आधी जेव." सगळे हसले. मी नाही हसले. शेवटच्या दुपारी अव्वा मला हेच म्हणाली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी जेवून हात धुऊन आले, तोवर ती गेली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही.

तुमची,
शिवलीला

ता. क. तो साचा ग्रुपवर सर्वांत जास्त मीच वापरते, असं भुवनेश्वरीनं हळूच दाखवलं. दिवाळीपासून रिकाम्या जागी एकच शब्द आहे: दवाखाना. (दवाखाना काय पळून जातो का? आधी हरभरा काढू, आधी पाहुणे जाऊ देत.) छातीत गाठ आहे, अक्का. सोमवारी सोलापूरला तपासायला बोलावलंय. सोबत याल का? डबा मी आणते.

आणखी एक. काही झालंच, तर अव्वाचं इरकल लुगडं शिवांजलीला. तवा माझ्या लेकाला, मल्लिनाथला, त्याला भाकरी येत नाही, शिकेल. मांजर बिराप्पाला, त्याच्याच दुधावर पोसलंय. आणि ते वाक्य भुवनेश्वरीला द्या, पण जागा रिकामी ठेवून. काल तिनं पुन्हा बटण दाबलं, तेव्हा तिथं, मरणाच्या जागी, माझं नाव आलं होतं. मी ते पुसायला लावलंय.