खारीच्या खालची गादी

चिरंजीव भावोजींना वहिनीचे मनापासून आशीर्वाद.

ज्युदोच्या वर्गात शिकवताना तुमचा गुडघा पुन्हा दुखावला असं कळलं, शेकताय ना? माझं बरं आहे. छातीत तेवढं धडधडतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. (त्यांनी आमचा दरवाजा पाहिलेला नाही.)

त्याचं असं झालं. आपली खार, म्हणजे तुमची आठ वर्षांची नात, हल्ली चढते. दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हातपाय लावून वर सरकते आणि कपाटावर किती धूळ आहे ते मला वरूनच कळवते. मी ओरडणारच होते, पण वाचनालयातल्या एका पुस्तकाने घात केला. त्यात लिहिलं होतं की, पुढे जी माणसं एखाद्या कामात कुणाला हार जात नाहीत, ती लहानपणी नुसती खेळत असतात. तेव्हा घरच्यांनी दटावू नये, जवळ बसावं, कौतुक करावं. बसले. (गादी अंथरून. ती ज्या दारात, गादी त्या दारात. सूनबाई म्हणते, "आई, निदान आम्हाला आत-बाहेर करायला वाट तरी ठेवा.")

मंगळवारी ती बाहेरच्या खोलीच्या चौकटीच्या पार टोकाला पोहोचली. पुस्तकाला स्मरून मी टाळ्या वाजवल्या. पोरगी गुणी, टाळ्या ऐकून तिने हात सोडून मला नमस्कार केला. पाय घसरला. गादी नेमकी स्वयंपाकघराच्या दारात राहिलेली. वरची कडी हाती लागली म्हणून निभावलं. ती लटकल्या लटकल्या हसत होती. मला मात्र ती दिसतच नव्हती, भावोजी. सातव्या मजल्याच्या परांचीवर रंगाचा डबा घेऊन उभे असलेले तुमचे दादा दिसत होते. तेही खालच्यांना असाच हात करायचे.

उतरल्यावर विचारते, "आजी, आजोबा पण असेच चढायचे?" मी म्हटलं, "याहून चांगले." तेव्हापासून तिचा डोळा बाहेरच्या पाण्याच्या पाइपावर आहे. (हसू नका.)

कळवायचं एवढंच. उत्तराची घाई नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. घाई आहे. मी दादांची शिडी कुलपात घातली. तिला शिडी लागतच नाही, हे नंतर लक्षात आलं.

आणखी एक ता. क. तिचं चढणं थांबणार नाही. दादांचंही मला थांबवता आलं नव्हतं. तुमच्या वर्गात आधी नुसतं पडायला शिकवतात ना? रविवारपासून तिला घ्या. सातव्या मजल्यावरून त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. चौकटीवरून होईल. गादी आमची आम्ही आणू.